टाकीचं फिलिंग

दाताच्या डॉक्टरांना भोक दिसलं की ते बुजवल्याशिवाय चैन पडत नसे, आणि भोक नसलं तर पाडल्याशिवाय. दवाखान्यात लोक याला कौशल्य म्हणत. घरात बायको दुसरा शब्द वापरत असे.

तिची बाजू अगदीच लंगडी नव्हती. डॉक्टरांनी टांगलेला आरसा भिंतीच्या पोपड्यासकट खाली आला होता, आणि न्हाणीघरात खुंटी मारताना त्यांनी भिंतीतला पाइप फोडला होता. त्यामुळे छपरावरचं पावसाचं पाणी साठवायची टाकी आपणच बसवणार, असं त्यांनी जाहीर केलं तेव्हा बायको शांतपणे म्हणाली, "अहो, हे शेवटचं. हेही बिघडलं तर ते ड्रिल मशीन माझ्या भावाकडे जाईल."

मेहुण्याचा त्या मशीनवर केव्हापासून डोळा होता. आणि डॉक्टरांचा तर त्यात जीव अडकलेला. तेव्हा या खेपेला त्यांनी एकेक गोष्ट विचारून, वाचून, मापून केली.

खरं सांगायचं तर काम झालंही छान. टाकीखाली पक्का, सपाट ओटा झाला. पन्हळीच्या तोंडाशी पानं अडवायला जाळी आली. छपरावरची घाण घेऊन येणारं पहिलं पाणी बाहेर सोडायला वेगळा नळ बसला. टाकीवर डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने 'हे पाणी पिऊ नये' असं लिहिलं. ते कुणालाच वाचता येईना, म्हणून बायकोने खाली पुन्हा लिहिलं. सासूबाई खुर्ची टाकून सगळं बघत होत्या. तोंडात जावयाने बसवलेली कवळी असल्यामुळे त्या फारशा बोलत नसत.

गोम होती ती वरच्या अंगाला. टाकी भरली की जादा पाणी निघून जावं म्हणून तिथे एक पाइप होता आणि त्याच्या तोंडावर बारीक जाळी. जाळीचा एक कोपरा उचकटला होता. डासाला तेवढी वाट पुरते. जाळी बदलायला हवी होती, पण दवाखान्यातलं फिलिंगचं मिश्रण हाताशी होतं. डॉक्टरांनी कोपरा बुजवला. मग तो एकटाच उठून दिसायला लागला, म्हणून उरलेलं तोंडही बुजवलं आणि घासून गुळगुळीत केलं. बायको म्हणाली, "छान." लग्नानंतर असल्या कामासाठी मिळालेला हा पहिला 'छान' होता, त्यामुळे डॉक्टर दिवसभर हवेत होते.

पुढच्याच पावसात टाकी काठोकाठ भरली. जादा पाण्याला बाहेरची वाट सापडेना. ते आल्या पाइपाने मागे फिरलं, पन्हळीत चढलं आणि घराच्याच पुढच्या खोलीत असलेल्या दवाखान्याच्या दारावर धो धो कोसळलं. दारात गाल सुजलेले एक गृहस्थ उभे होते. ते नखशिखांत भिजले. कुठेतरी गळतंय, एवढंच डॉक्टरांच्या डोक्यात आलं, आणि गळतं ते बुजवायचं हा त्यांचा धर्मच. त्यांनी टाकीत येणारा पाइपही बंद करून टाकला. मग टाकी थोडी हलकी करावी म्हणून खालचा नळ पूर्ण सोडला.

पाणी जोरात आलं, मग अडखळलं, मग गुडगुडलं. बाहेरून हवा यायला कुठे फटच उरली नव्हती. बघता बघता टाकीच्या बाजू आत ओढल्या गेल्या. कवळी काढल्यावर सासूबाईंचे गाल दिसतात, तशी टाकी दिसायला लागली.

डॉक्टरांना रडू यायचं तेवढं बाकी होतं. बायको त्या गृहस्थांना टॉवेल देऊन आली आणि तिने भावाला फोन लावायला घेतला.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. त्यांनी कवळी काढून रुमालात ठेवली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा सलग बोलल्या. "जावईबापू, कवळी दाबतेय म्हटलं, तर तुम्ही म्हणालात सवय होईल. टाकीला नाही हो व्हायची. द्या ते मशीन."

डॉक्टरांनी मशीन दिलं. ते बॅटरीवरचं होतं आणि पाऊसही थांबला होता. सासूबाई स्टुलावर चढल्या. डॉक्टरांनी स्टूल घट्ट धरलं, पण आपण इतक्या निगुतीने केलेलं काम फुटताना त्यांना बघवेना.

"डोळे मिटा," सासूबाई म्हणाल्या. "थोडं दुखेल. मग मोकळं वाटेल."

फिलिंगला भोक पडलं. टाकीने मोठा श्वास घेतला आणि तिचे गाल ढब्ब करून बाहेर आले. बायकोने फोन खाली ठेवला.

पाइपाला दुसऱ्या दिवशी नवी जाळी लागली. मशीन मेहुण्याकडे गेलं नाही. ते सासूबाईंच्या कपाटात गेलं. कवळी नीट बसली की परत देईन, असा त्यांनी शब्द दिला आहे. डॉक्टर तेव्हापासून रोज संध्याकाळी ती दाबते तिथे मन लावून घासतात. सासूबाई आता तीच कवळी लावून चणे फोडतात, पण डॉक्टर समोर आले की गालावर हात ठेवून म्हणतात, "अजून जराशी दाबतेय हो."