सुतकात तळणाचा वास

पुंजाराम जाऊन दोन-तीन दिवसच झाले होते. घरात चूल पेटत नव्हती. भावकीतून भाकर आणि पिठलं यायचं, तेवढ्यावर घर चाललं होतं. आणि तरीही सकाळच्या उन्हात सगळ्या वस्तीवर पुऱ्या तळल्याचा वास सुटला होता.

वास पहिल्यांदा कोणाला आला ते सांगता येणार नाही. दुष्काळाचं वर्ष होतं. पाचोडच्या बाजारातसुद्धा भज्यांच्या गाड्यावर गर्दी नसायची. वस्तीवर तर दिवाळीनंतर कोणाची कढई तापली नव्हती. अशा दिवसांत नाक जरा जास्तच जागं असतं. एकेक जण दारात येऊन उभा राहिला, वाऱ्याकडे तोंड करून हुंगू लागला, आणि शेवटी सगळ्यांच्या माना पुंजारामांच्या घराकडे वळल्या.

सुतकात कढई चढवत नाहीत. तेराव्याचं जेवण होईपर्यंत त्या घरात तेल तापत नाही. हे कोणी कोणाला शिकवत नाही, पोरं पाहून पाहूनच शिकतात. त्यामुळे लोकांना आधी राग आला नाही, आधी विश्वासच बसला नाही. राग दुसऱ्या दिवशी आला, कारण वास दुसऱ्या दिवशीही आला.

पुंजारामांचा मुलगा सोनाजी शहरात पुंडलिकनगरला भाड्यानं राहत होता. जुन्या जीपमधून चितेगावच्या कंपन्यांत कामगारांची ने-आण करायचा. बाप मेंढरांमागं आयुष्यभर चालला आणि पोरगा चाकावर बसला, यात वस्तीला अभिमान होता आणि थोडी शंकाही होती. शहरात गेलेला माणूस काय खातो, कधी खातो, कोणी पाहिलंय?

सोनाजीचं लक्ष मात्र लोकांकडे नव्हतं, ते आईकडे होतं. नवरा गेल्यापासून आवडाबाईंनी घास खाल्ला नव्हता. शेजारून आलेला कोरा चहा तेवढा घ्यायच्या. भाकर समोर आली की तिचा तुकडा मोडायच्या, हातात धरायच्या, आणि कोणी पाहत नसलं की पदराखाली सारायच्या. रात्री तेच तुकडे शेळीच्या पुढ्यात सापडायचे. चाळीसेक वर्षं त्या माणसाला वाढल्याशिवाय त्या जेवल्या नव्हत्या. आता कोणाच्या मागून जेवायचं, हे त्यांना कळत नव्हतं. सुनेनं हात जोडले, सोनाजीनं रागावून पाहिलं. आवडाबाई म्हणायच्या, "खाते की." आणि खायच्या नाहीत. तेराव्यापर्यंत ही अशीच राहिली तर घरात दुसरं सुतक येईल, एवढी एकच भीती सोनाजीच्या डोक्यात होती.

त्यामुळे काकासाहेब आले तेव्हा त्याला नीट उत्तर देता आलं नाही. काकासाहेब भावकीतले वडीलधारे. त्यांनी आधी पाण्याचं विचारलं, मग मेंढरांचं, मग शहरातल्या नळाचं. मग हळूच म्हणाले, "सोनाजी, वास कशाचा यायलाय?"

"कुठला वास? मला नाय आला," सोनाजी म्हणाला.

तो खरंच बोलत होता. पण सगळ्या वस्तीला जो वास येतो तो एकट्या घरधन्याला येत नाही, हे ऐकून काकासाहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. त्यांच्या मनात निकाल तिथंच लागला होता.

वास येत होता जीपचा.

सोनाजीचे घरमालक हेमचंद्र कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर त्यांनी एका फरसाणवाल्याकडून तळून तळून काळं झालेलं तेल आणायला सुरुवात केली. ते गाळायचं, तापवायचं, त्यात कॉस्टिक सोडा आणि मिथेनॉल घालायचं, खाली बसलेलं ग्लिसरीन काढायचं, आणि वर राहिलेलं पाण्यानं धुवायचं. झालं बायोडिझेल. त्यांच्या बायकोचा, सरोजिनीबाईंचा, बाकी कशाला विरोध नव्हता, फक्त धुण्याला होता. पुंडलिकनगरात नळ आठवड्यातून एकदा यायचा. "मी भांडी राखेनं घासते आणि हे डिझेल पाण्यानं धुतात," असं त्या गल्लीत सांगायच्या.

इंधन तयार झालं, पण हेमचंद्रांकडे होती स्कूटर. डिझेलची गाडी दारात एकच, सोनाजीची. ठरलं असं की सोनाजीनं बाहेरून दोन ड्रम पाणी आणून द्यायचं आणि टाकीत सरांचं इंधन भरायचं. जीपला त्यानं काहीच झालं नाही. उलट ती जरा मऊ चालू लागली. फक्त तिच्या धुरातून तळणाचा वास यायचा. सोनाजी पुढं बसायचा आणि धूर मागं जायचा. शिवाय गेले काही महिने तो त्याच धुरात वावरत होता, त्यामुळे त्याच्या नाकानं तो वास मोजायचं सोडून दिलं होतं.

आता वस्तीवरची विहीर आटलेली, टँकरचा भरवसा नाही. भेटायला येणाऱ्यांना निदान पाणी तरी द्यायला हवं. म्हणून सोनाजी रोज जीप घेऊन पाचोड रस्त्याच्या बोअरवर जायचा आणि ड्रम भरून आणायचा. इकडे वासाची बातमी पसरली तशी भेटायला येणारी माणसं वाढली. माणसं वाढली तसं पाणी जास्त लागू लागलं. पाणी जास्त लागलं तशा जीपच्या फेऱ्या वाढल्या. आणि फेऱ्या वाढल्या तसा वास वाढला.

शेवटी पुंजारामांची थोरली बहीण साळूबाई स्वतःच घरात शिरल्या. भावाच्या दुःखानं त्या आधीच तापलेल्या होत्या. त्यांनी फडताळ पाहिलं, डबे हुंगले, आणि कोपऱ्यातली कढई उचलून उजेडात धरली. कढई लख्ख होती. सोनाजीची बायको ज्ञानेश्वरी हिनं आल्याबरोबर काहीतरी हाताला काम हवं म्हणून ती वाळूनं घासून ठेवली होती.

"ह्या दुष्काळात न वापरलेली कढई कोण घासतं गं?" साळूबाई म्हणाल्या.

ज्ञानेश्वरीला रडू आलं. मग रडता रडता एकदम थांबली, कारण बाहेर जीप येऊन उभी राहिली होती आणि खिडकीतून पुऱ्यांचा वास आत आला होता. पुंडलिकनगरात रोज येणारा वास तिनं ओळखला. "आत्या, ही कढई नाय. ही आपली गाडी हाय," ती म्हणाली.

दाराशी उभे असलेले काकासाहेब ते ऐकून पहिल्यांदाच हसले. "गाडी आता तळायबी लागली का?" त्यांनी विचारलं. पण हसू लगेच आवरून त्यांनी सांगितलं, की याचा खुलासा झाल्याशिवाय भावकी तेराव्याला पानावर बसणार नाही. सोनाजीनं फोन करून हेमचंद्रांना बोलावलं. शिकलेला माणूस समजावून सांगेल, असं त्याला वाटलं.

हेमचंद्र दुसऱ्याच दिवशी एसटीनं आले. येताना त्यांनी सोनाजीची अडचण ओळखून इंधनाचा एक नवा कॅन आणला आणि जीपसाठी एक फिल्टरही. जुन्या टाकीत बसलेला गाळ हे इंधन सोडवतं, मग फिल्टर तुंबतो, तेव्हा तो आजच बदल, असं त्यांनी बजावलं. सोनाजीनं फिल्टर घरात कोनाड्यात ठेवला आणि विसरला. त्या वेळी फिल्टरचा विचार करायला कोणाला वेळ होता?

माणसं अंगणात बसली. हेमचंद्रांनी सवयीप्रमाणे पहिल्यापासून सुरुवात केली. हे खाण्याचंच तेल असतं, भरपूर तळण झाल्यावर उरलेलं, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे तळणाचं तेल सुतकाच्या घरात आलं ते आलंच, असं माणसांनी ऐकलं. हेमचंद्रांनी ते दुरुस्त करायला सांगितलं, की आता ते तेल राहिलेलंच नाही, त्याचं एस्टर झालंय. त्यावरून हा माणूस काहीतरी लपवतोय असं सगळ्यांना वाटलं.

"सर, तोंडानं नको. गाडी चालू करून दावा," काकासाहेब म्हणाले.

टाकी जवळजवळ रिकामी होती, म्हणून नवा कॅन ओतला. जीप चालू झाली. भावकी ओळीनं जीपच्या मागं उभी राहिली. काकासाहेबांनी डोळे मिटले आणि दीर्घ श्वास घेतला. मग डोळे उघडून सोनाजीकडे पाहिलं.

"ही पुरी नाय," ते म्हणाले. "ही कोंबडी हाय."

हेमचंद्रांचा चेहरा उतरला. फरसाणवाल्याचं दुकान चार दिवस बंद होतं, म्हणून या वेळचं तेल त्यांनी जालना रोडवरच्या एका हॉटेलातून आणलं होतं. तिथं काय तळतात हे त्यांनी विचारलं नव्हतं. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं त्यानं काही फरक पडत नव्हता.

जीप आपली घरघरत राहिली आणि सुतकाच्या घरापुढं कोंबडी तळत राहिली. तेवढ्यात साळूबाई पुढं आल्या. त्यांनी धुरावर हात धरला, तो नाकाजवळ नेला, घरात जाऊन चूल पाहिली, पुन्हा बाहेर आल्या. पोरीवर उगीच आळ घेतला हे त्यांना कळलं होतं, पण तसं म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"गाडी काय आपल्या भावकीतली हाय का?" त्या काकासाहेबांना म्हणाल्या. "तिला कशाचं आलंय सुतक? जा, बसा सावलीत."

काकासाहेबांनी मान डोलावली. भावकी तेराव्याला येणार हे ठरलं. हेमचंद्र चहा पिऊन परतले, आणि त्या दिवसापासून वास आला की वस्तीवर लोक फक्त म्हणू लागले, "सोनाजी आला पाणी घेऊन."

सोनाजीला हायसं वाटलं, पण आई तशीच होती. आता तर तिनं भाकरीचा तुकडा हातात धरायचंही सोडलं होतं.

मग एका दुपारी बोअरवरून येताना जीप वळणावर दोन-तीनदा खोकली आणि उभी राहिली. फिल्टर तुंबला होता. सोनाजीनं स्वतःला चार शिव्या दिल्या आणि कोनाड्यातला फिल्टर आणायला उन्हात चालत घराकडे निघाला. लिंबाखाली काकासाहेब पडले होते. डोळे न उघडताच ते म्हणाले, "आलास का? वास आला मघाच."

जीप वळणावर बंद पडलीय, असं सोनाजी सांगणार होता. पण त्यालाही वास आला. त्याच्या नाकाला, ज्याला आजवर काही आलं नव्हतं, त्यालाही आला, कारण हा वास जीपचा नव्हता. तो काही न बोलता घराच्या मागच्या बाजूला गेला.

तिथं भिंतीच्या आडोशाला तीन दगडांवर कढई होती. साळूबाई उकिडव्या बसून कांद्याची भजी सोडत होत्या. शेजारी त्यांची पिशवी, डाळीच्या पिठाची पुडी आणि तेलाची बाटली. आणि आवडाबाई भिंतीला टेकून, पितळीत फुंकर घालून भजी खात होत्या. सोनाजीला पाहून त्यांचा हात थांबला. चोरी करताना सापडल्यासारख्या त्या त्याच्याकडे पाहू लागल्या.

"इतके दिस वास यायलाय," त्या म्हणाल्या. "भूक लागली रं. काय करू?"

सोनाजीनं साळूबाईंकडे पाहिलं. साळूबाईंनी झाऱ्यानं भजी उलटली. "मला काय बघतो? भाऊ माझा गेलाय, मला सुतक शिकवू नको," त्या म्हणाल्या, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मग त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. "तुझी गाडी कुठंय?"

"वळणावर. बंद पडली."

साळूबाईंचा झारा हवेतच राहिला. "मग हितं काय उभा राहिलास?"

सोनाजी घरात शिरला, फिल्टर आणि पाना घेतला आणि पळत सुटला. काकासाहेबांच्या समोरून जाताना त्यानं पळणं थांबवून चालणं केलं, आणि लिंब मागं पडल्यावर पुन्हा पळाला. हात डिझेलनं भरले, बोट सोललं, पण फिल्टर बसला. पंप मारून हवा काढली आणि जीप चालू झाली. आजवर कधी नाही तेवढ्या आनंदानं त्यानं तो काळसर धूर पाहिला.

जीप दिसली तसे काकासाहेब उठून बसले. "मघा आलतास ना?"

"व्हय. परत गेलतो," सोनाजी म्हणाला आणि थांबला नाही.

त्यानं जीप घराला वळसा घालून मागच्या भिंतीशी अशी लावली, की तिचा धूर थेट रस्त्याकडे जावा. इंजिन बंद केलं नाही. इतके दिवस ही कढई नाही, गाडी आहे, असं तो सगळ्यांना सांगत आला होता. आता स्टिअरिंगवर हात ठेवून तो देवाजवळ एवढंच मागत होता, की लोकांनी हे असंच मानत राहावं. लिंबाकडून काकासाहेब हळूहळू इकडेच येत होते. कोणी विचारलं तर बॅटरी चार्ज करतोय म्हणायचं, असं त्यानं ठरवलं.

भिंतीपलीकडं आईचा आवाज आला. ती साळूबाईंकडे मीठ मागत होती. मग साळूबाईंचा आवाज आला, दबका, पण नेहमीच्या हुकमाचा.

"सोनाजी, दुसरा घाणा सोडायलेय. लई चुरचुर होती. जरा रेस दे."

सोनाजीनं ॲक्सिलरेटरवर पाय दाबला.