पोवळ्याच्या टाकीचं सोवळं

"बॉयलरचं पाणी सांभाळतो मी, माशांचं काय घेऊन बसलात," असं चंदर साहेबांपुढं बोलून गेला आणि तिथंच फसला.

चंदर खोपोलीच्या एका कारखान्यात पाणी तपासायच्या कामावर होता, पण टेंपरवारी. मॅनेजर साहेबांनी बंगल्यात काचेची टाकी मांडली होती. तीत रंगीत मासे आणि मधोमध जिवंत पोवळ्याचा खडक. शिळफाट्याला बाया नळावर हंड्यांनी डोकी फोडत होत्या आणि ह्या माशांना अलिबागेचं समुद्राचं पाणी टेंपोनं येत होतं! तरी पोवळं पांढरं पडायला लागलं. साहेब म्हणाले, हे वाचव, तुला कायम करतो.

चंदरनं पाणी तपासलं. नळीतून थेंबथेंब आम्ल सोडायचं. रंगाचा थेंब घालून पिवळं केलेलं पाणी नारिंगी व्हायला जितके थेंब जास्त, तितकी पाण्यात अल्कली, म्हणजे आम्ल मारणारा क्षार, जास्त. इथं रंग लगेच फिरला. पाणी पार थकलेलं. आणि पोवळं तर पाण्यातला चुना खाऊनच घर बांधणारं. पळसदरीला घरी त्यानं आईला, विठाबाईला, हे सांगितलं.

"तान्ह्या पोराला पाजतो ती चुन्याची निवळी दे की रं त्याला," विठाबाई म्हणाली. "हाडं धरंल."

चंदरनं पोराला पाजावी तशी निवळी पाजली. पोवळं तरारलं. साहेबांनी पाहुणे बोलावून स्वतःची पाठ थोपटून घेतली.

त्या बंगल्यात चंदरला टाकीत कोपरापर्यंत हात घालायची मुभा होती. तहान लागली की मात्र साहेबांच्या आई, मोठ्या बाई, त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतत. माठाला हात नाही. असा तो सुधारलेला बंगला!

मग आक्रीत सुरू झालं. अल्कली आपोआप चढायला लागली. चंदरनं निवळी बंद केली, तरी चढतीच. मासे वर येऊन तोंडं वासायला लागले. चंदरनं नळी धुतली, आम्ल बदललं, स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला. मोजतोस की अंदाजपंचे ठोकतोस, म्हणून साहेबांनी झापलं. चंदर घाबरून सकाळ-संध्याकाळ यायला लागला. फेऱ्या वाढल्या तशी अल्कली वाढली. शेवटी त्यानं निम्मं पाणी काढून टेंपोचं ताजं भरलं. दुसऱ्या दिवशी झाडून सारे मासे उताणे.

मोलकरीण गोदूबाईनं त्याला परसात गाठलं. "तू गेलास का मोठ्या बाई गोठ्यातनं गोमूत्राचा तांब्या आणून टाकीत वततात. तुजा हात लागलेलं पानी, ते शुद नको व्हायला? दोनदा येतोस म्हनून रोज दोन तांबे, आन् काल पानी बदललंस म्हनून आनिक दोन."

चंदरनं कपाळ धरलं. गोमूत्र सडलं की अमोनिया होतो, आणि अल्कलीच्या पाण्यात तो जहर. तो धावत साहेबांकडं गेला.

साहेबांनी आईकडं बघितलं. आई पोवळ्याची माळ ओढत होत्या. गोमूत्रानं कधी कोणी मेलंय का, त्याचा हातच वाईट, असं भिंतीकडं बघून म्हणाल्या.

"आईचं राहू दे," साहेब म्हणाले. "कायम व्हायचंय ना? मग गप्प बस आणि हे मेलेले तेवढे काढून टाक. तुम्हा लोकांना सवय असते."

चंदरनं वर सारलेल्या बाह्या खाली घेतल्या. "मेलेलं वढायचं आमी छप्पन सालीच सोडलं, साहेब. मासे तुमचे. तुमीच काडा."

नोकरी गेली, हे सांगायला नको.

टाकीला मग कोणी हात लावेना. गोदूबाईची कंबर नेमकी त्याच दिवशी धरली. दुपारपर्यंत वास फाटकाबाहेर पोचला. शेवटी साहेबांनीच नाकाला रुमाल बांधला, कोपरापर्यंत हात घातला आणि एकेक मासा बाहेर काढला. घामाघूम होऊन स्वयंपाकघराच्या दारात आले आणि प्यायला पाणी मागितलं.

मोठ्या बाईंनी त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवलं आणि तांब्या आणला. पाण्याचा नव्हे.