तिसऱ्या मजल्यावरचं काम

कोपर गावात ज्या जागेत जाईबाईंनी जन्मभर भात लावला, तिथे टॉवर झाला आणि जमिनीच्या बदल्यात त्यांना बाराव्या मजल्यावर ऐसपैस फ्लॅट मिळाला. मुलगा देवेश सोसायटीचा सेक्रेटरी. तो आणि सून दिवसभर कामावर. जाईबाईंशी बोलायला कुत्रंसुद्धा नव्हतं, कारण सोसायटीत कुत्र्यांना बंदी होती.

एकदा त्या नेहमीसारखं गुडघ्यापर्यंत लुगडं नेसून खाली उभ्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर नवीन आलेल्या ऋजुताने लुगडं पाहिलं आणि विचारलं, "मावशी, भांड्यांचं काम कराल?"

दुसरी कुणी असती तर तिने तिथल्या तिथे ऋजुताची खरडपट्टी काढली असती. पण या इमारतीत जाईबाईंशी आपणहून बोललेलं हे पहिलंच माणूस होतं.

"करीन की गो," त्या म्हणाल्या.

झालं! घरी कुणी विचारलंच तर देवळात जाते म्हणून सांगायचं आणि तिसऱ्यावर उतरायचं. त्या भांडी घासत, ऋजुता ओट्याला टेकून सासूच्या कागाळ्या सांगे. जाईबाई तिला सुकटीचं कालवण शिकवत, मध्येच ओरडतही. दोघी पोट धरून हसत. जाईबाईंना पुन्हा भूक लागू लागली.

मग एका रविवारी सोसायटीची मीटिंग नेमकी ऋजुताच्या घरी भरली. जाईबाईंना पत्ताच नाही. त्या चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि सेक्रेटरीसाहेब ताडकन उभे राहिले.

"आये, तू इथं काय करतेस?"

पुढचं काय सांगावं! ऋजुता शरमेने अर्धी झाली. संध्याकाळी नवऱ्याला आणि पेढ्यांना घेऊन ती पाया पडून गेली. देवेश आठवडाभर आईशी धड बोलला नाही. लिफ्टमधले लोक मात्र आता अदबीने बाजूला सरकत, नमस्कार करत आणि मोबाइलमध्ये बघत.

न राहवून जाईबाई पुन्हा तिसऱ्यावर गेल्या. ऋजुताने त्यांना सोफ्यावर बसवलं, नक्षीच्या कपात चहा दिला, तब्येत विचारली. मग पुन्हा एकदा तब्येत विचारली. आत नवी बाई भांडी घासत होती.

"बाय, मना जरा आत येऊ दे," जाईबाई म्हणाल्या.

"छे छे, काकू! तुम्ही कशाला? बसा तुम्ही, मी आलेच."

ऋजुता आत गेली. थोड्या वेळाने आतून दोघींचं हसणं ऐकू आलं.  रिकामा कप घेऊन जाईबाई उठल्या, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या आणि परत येऊन सोफ्यावर बसल्या.