न बिघडणारी रांगोळी

"या रांगोळीचा चौथा हिस्सा पुसून टाका, तरी निरोप वाचता येणार!" निशिकांतने सासऱ्यांना आदल्या दिवशीच ठणकावून सांगितलं होतं.

कारणही तसंच होतं. पद्माकरराव पुण्याहून सिंगापूरच्या बुकित बातोकला लेकीकडे दिवाळीला आले, तेव्हापासून त्यांचा एकच प्रश्न. "जावईबापू, तुम्ही नक्की करता काय? मी बांधकाम खात्यात होतो. पूल बांधला की लोकांना दिसायचा. तुमचं काही दिसतच नाही!"

निशिकांतचं काम खरंच दिसणारं नव्हतं. साठवलेला डेटा बिघडतो, म्हणून त्याच्यासोबत थोडी जादा माहिती हिशेबाने पेरून ठेवायची. मग काही भाग खराब झाला, तरी उरलेल्यावरून मूळ मजकूर जसाच्या तसा उभा राहतो. क्यूआर कोडमध्ये हीच युक्ती असते. म्हणून त्याने दारातल्या पांढऱ्या फरशीवर काळ्या रांगोळीने भलाथोरला क्यूआर कोड काढला. कंबर मोडली, पण गडी हटला नाही! अभ्यंगस्नान उरकून सासऱ्यांनी फोन धरायचा, की पडद्यावर दिवाळीच्या शुभेच्छा उमटणार.

सासरे बाथरूममध्ये गेले आणि निशिकांतच्या लेकीने, गार्गीने, हौसेने आधी आपणच फोन धरला. तिचं मराठी वाचन यथातथाच. "पप्पा, मराठी आलं! रीड लाह!" ती सिंगापुरी थाटाच्या इंग्रजीत ओरडली.

निशिकांतने वाचलं आणि हातातली चकली गळून पडली.

"रुचिर, सासरेबुवांचं परतीचं तिकीट अलीकडे आणता येईल का? घोरण्याने फ्लॅट हादरतोय!"

मित्राला पाठवलेला मेसेज! तोच कॉपी केलेला राहिला होता आणि शुभेच्छांऐवजी कोडमध्ये जाऊन बसला होता.

सरळ पुसावी, तर कालची बढाई आडवी येत होती. अपघात घडवायलाच हवा! त्याने कुंकवाचा करंडा सांडला.

गार्गीने फोन धरला. "स्टिल कॅन, लाह!" अजूनही वाचता येत होतं!

त्याने चिवड्याचा डबा उपडा केला.

"स्टिल कॅन! पप्पा, यू सो क्लेव्हर!"

आयुष्यात पहिल्यांदाच निशिकांतला स्वतःच्या विद्येचा संताप आला. मग आठवलं. कोपऱ्यातले मोठे चौकोन! ते गेले की फोनला कोड सापडतच नाही. त्याने पाय घसरल्याचं नाटक करून एक कोपरा पार फिसकटून टाकला. गार्गीचा चेहरा पडला. जमलं!

तेवढ्यात त्याची बायको स्मिता स्वयंपाकघरातून धावत आली. "अरे देवा! कोपरा गेला!"

"राहू दे गं..."

"राहू दे कसं? बाबा तुला येता-जाता बोलतात, मला काय बरं वाटतं? आज त्यांना तुझं काम दिसायलाच हवं!" म्हणत ती खाली बसली आणि दुसऱ्या कोपऱ्याकडे बघून तिने तो चौकोन हुबेहूब काढला. बायकोचं प्रेम बघून निशिकांतला भरून आलं. रडूही आलं, पण ते वेगळ्या कारणाने.

बाथरूमचं दार उघडलं. पद्माकररावांनी चष्मा लावला, फोन धरला आणि मजकूर मोठ्याने वाचला.

स्मिताने निशिकांतकडे डोळे वटारले.

त्यांनी कुंकू बघितलं, चिवडा बघितला, जावयाची काळी टाच बघितली. "एवढं सांडलं, तुडवलं, तरी एक अक्षर इकडचं तिकडे नाही! मानलं, जावईबापू! काम दिसलं एकदाचं."

निशिकांतने मान खाली घातली.

"पण पुरतं समजायला अजून महिना तरी लागेल. स्मिता, माझं तिकीट पुढे ढकल! चालेल ना, जावईबापू?"

निशिकांतच्या वतीने गार्गीच आनंदाने ओरडली, "कॅन, लाह!"