डाव्या खिशातली अंगठी

जेवणाच्या टेबलावर तीन वाट्या पालथ्या घालून जादूगार सकाळपासून आपल्या मुलीला फसवत होता, आणि मुलगी काही केल्या फसत नव्हती. चेंडू ज्या वाटीखाली, नेमकी तीच वाटी ठमी उचलायची.

"आई, बघा हो हिला! सगळं कळतंय. माझा हातच बिघडला."

"हात कशाला बिघडतोय! ती मोठी होतेय, जावईबापू," सासूबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या. त्यांनी आयुष्यभर पाळणाघर चालवलं होतं. तान्ह्या मुलांच्या बाबतीत त्यांच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे.

ठमी पाच महिन्यांची होती तेव्हा जादूगाराचे दिवस सोन्याचे होते. चेंडूवर वाटी झाकली की चेंडू तिच्यापुरता जगातून उठायचा. दृष्टीआड सृष्टी! हा सगळा आपल्या हातचलाखीचा प्रताप समजून तो हुरळून गेला होता. मग एक दिवस तिने शांतपणे वाटी उचलली. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. तरी मागच्या महिन्यापर्यंत थोडा दिलासा होता. चेंडू तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या वाटीखाली सरकवला, तरी ती आपली पहिल्याच वाटीवर झेप घ्यायची. "एकदा जिथे सापडलं, तिथेच पुन्हा सापडणार असं वाटतं त्यांना," सासूबाईंनी तेव्हा सांगितलं होतं. "जाईल तेही."

तेही आजच गेलं, आणि आजच दुपारी नाट्यगृहाचे मॅनेजर त्याचा खेळ बघायला घरी येणार होते. आजवर त्याने जन्म काढला तो लोकांच्या मुलांच्या वाढदिवसांत. मॅनेजरना खेळ आवडला तर दर शनिवारी खऱ्या रंगमंचावर, खऱ्या पडद्यामागून यायला मिळणार होतं.

"कोटाचा खिसा शिवलात का? ऑफिसला जाताना ठमीची आई बजावून गेलीय," सासूबाईंनी विचारलं.

"शिवतो हो, आई," म्हणत त्याने पुन्हा वाट्या पालथ्या घातल्या, आणि खिसा राहिला तो राहिलाच.

मॅनेजर आले ते दाढ काढून घ्यायला आल्यासारखे सोफ्यावर बसले. वाट्यांच्या खेळाला ते "हं" म्हणाले. दोऱ्यांच्या खेळाला तेवढंही म्हणाले नाहीत. शेवटी जादूगाराने त्यांच्याकडे अंगठी मागितली.

"लग्नाची आहे," मॅनेजर म्हणाले. "आमच्या घरातली जादू तुम्हाला माहीत नाही. जपून."

जादूगाराने अंगठीवर रुमाल टाकला, तोंडाने बडबड चालू ठेवली आणि अंगठी अलगद डाव्या खिशात सोडली. रुमाल झटकला. अंगठी गायब!

मॅनेजर पहिल्यांदाच पुढे सरकले. "वा! आणा आता परत."

जादूगाराचा हात खिशात गेला. खिसा रिकामा होता.

"अंगठी जरा लांबच्या प्रवासाला गेलीय," तो हसत म्हणाला. उजवा खिसा पाहिला. पुन्हा डावा. वाट्या उलथ्या केल्या. पुन्हा डावा. हसू आता चेहऱ्यावर नुसतंच टांगलेलं होतं.

"अहो, त्याच खिशात किती वेळा बघताय?" सासूबाई हळूच म्हणाल्या.

"तिथेच ठेवली होती हो, आई!"

"मागच्या महिन्यात ठमीचंही हेच म्हणणं होतं."

मॅनेजरच्या चेहऱ्याचा रंग उतरू लागला. "अहो, मला संध्याकाळी घरी जायचंय!"

जादूगार गुडघे टेकून सोफ्याखाली डोकावू लागला. शनिवार गेला, रंगमंच गेला, आता मॅनेजरचा संसार तरी वाचू दे, एवढीच त्याची प्रार्थना होती.

कोपऱ्यात चटईवर बसलेल्या ठमीने अख्खा खेळ पाहिला होता. बापाची बडबड तिला कळत नव्हती, त्यामुळे तिला भुलवायला कुणी नव्हतं. चकाकती वस्तू रुमालाखाली गेली, मग हात खिशाकडे गेला. तिने फक्त तेवढंच पाहिलं. आता बापाच्या कोटाचं टोक फरशीवर टेकलं आणि टक्‌ असा आवाज झाला. ठमी थबकली. रांगत आली. कोटाची कड दोन्ही हातांनी चाचपली, एका जागी थांबली, आणि तिथलं कापड तिने तोंडात घातलं.

"अगं अगं!" म्हणत सासूबाई धावल्या. कापड सोडवताना त्यांच्या बोटांना काहीतरी टणक लागलं. उसवलेल्या खिशातून अंगठी थेट अस्तरात उतरली होती. कात्री आली, अस्तर उसवलं आणि अंगठी बाहेर पडली.

जादूगार घामाने निथळत होता, पण त्याचं लक्ष अंगठीकडे नव्हतं. झाकलेला चेंडू जिच्या लेखी नाहीसाच व्हायचा, ती एवढीशी पोर न दिसणाऱ्या वस्तूच्या मागे खोली ओलांडून आली होती. इतकी मोठी जादू त्याला उभ्या जन्मात जमली नव्हती.

तेवढ्यात टाळ्या वाजल्या. मॅनेजर उभे राहिले होते.

"कमाल केलीत! तो घाम काय, ते सोफ्याखाली शोधणं काय! माझा तर जीवच गेला होता हो. आणि शेवटी बाळ! शनिवारी हेच हवं, अगदी असंच. किती दिवस लागले हिला शिकवायला?"

खरं सांगायला जादूगाराने तोंड उघडलं.

"अकरा महिने," सासूबाई म्हणाल्या.

मॅनेजर गेल्यावर जादूगार ठमीसमोर मांडी घालून बसला. त्याने नेहमीसारखा रुमाल तोंडावर टाकला. "बाबा कुठे गेले? कुठे गेले बाबा?"

एरवी ती रुमाल ओढून खिदळायची. आज कुणीच ओढला नाही. त्याने कडेने हळूच पाहिलं, तर ठमी त्याच्याकडे पाठ करून निवांत चेंडूवर वाटी झाकत होती.

"कुठे जाणार आहेत बाबा! तिला माहितीय," सासूबाई म्हणाल्या. "काढा तो रुमाल, आणि आधी खिसा शिवा."