खुनी, ताटली आणि लिंबाच्या वड्या

वयाच्या बाहत्तराव्या वर्षी मी एक खून करण्याचे ठरवले. (अर्थात कागदावर. टास्मानियातील आमच्या गावात प्रत्यक्ष खून परवडावा इतकी माणसेच नाहीत.)

होबार्टहून दरवर्षी रहस्यकथांचा एक संग्रह निघतो. त्यात आपले नाव छापून यावे, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा आता उरली आहे. तीन वर्षे माझी कथा ‘पात्रे निर्जीव’ या शेऱ्यानिशी परत येत होती. मी अगदी थकून गेले होते. अखेर आमच्या लेखनमंडळाच्या फेनेलाबाई म्हणाल्या, “पात्रं शेजारपाजारची घ्या, ऊना. आणि प्रत्येकाला एक गुपित द्या.”

मी तसेच केले. आमच्याकडे सभेला येताना प्रत्येकीने खाण्याची एक ताटली आणायची आणि तिच्या तळाला आपल्या नावाची पट्टी चिकटवायची, अशी रीत आहे. माझ्या कथेतील खुनी बाई त्या पट्ट्या बदलते आणि लिंबाच्या विषारी वड्या भलतीच्या नावावर खपवते. मंडळापुढे ही कथा वाचायच्या दिवशी मी स्वतः काय घेऊन गेले? लिंबाच्या वड्या. (मला दुसरे काही येत नाही.)

वाचन झाले, चहा झाला, सगळ्या ताटल्या रिकाम्या झाल्या. माझ्या वड्यांना मात्र कोणी बोटही लावले नाही. एरवी माझी ताटली सर्वांत आधी संपत असे!

खोटे कशाला बोलू, मी मनातून सुखावले. कथा इतकी खरी वाटली की ऐकणाऱ्याचा हात वडीकडे जाईना! याहून मोठी पावती ती कोणती?

“थेल्मा, घाबरलीस ना?” मी माझ्या जुन्या मैत्रिणीला विचारले.

“कशाला?”

“वडीला.”

“ती भीती जुनीच आहे गं.”

“आणि कथा?”

“खुनी कोण ते दुसऱ्या पानावरच कळलं. पुढे आम्ही चहाची वाट बघत बसलो.”

“मग आजच वड्या कशा उरल्या?”

“आज मर्व्हचा गुडघा दुखतोय ना! तो आलाच नाही.”

मर्व्ह म्हणजे माझे यजमान. दर सभेला ते माझी ताटली हौसेने उचलून फिरवत. मला वाटे, वाढायला.

“कोटाच्या खिशात भरायचा बिचारा,” थेल्मा म्हणाली. “सोळा वर्षं. तुला वाईट वाटू नये म्हणून आम्हीही गप्प.”

फेनेलाबाईंनी टाळीच वाजवली. “ऊना, हीच तुमची कथा! हेच लिहा!”

घरी येताच मी चौकशी आरंभली.

“मर्व्ह, त्या वड्या...”

“कोंबड्यांना घातल्या,” मर्व्ह म्हणाले. (प्रश्न पुरा होण्याआधीच कबुली. गुन्हेगार म्हणून हा माणूस अगदीच कुचकामी.)

“सगळ्या?”

“पहिल्या वर्षी. मग कोंबड्याही खाईनात. त्यानंतर फाटकाजवळच्या खड्ड्यात.”

“सोळा वर्षं?”

“खड्डा मोठा होता गं.”

मी सारे जसे घडले तसे लिहिले, एक शब्द पदरचा घातला नाही, आणि होबार्टला पाठवले. महिन्याभराने संपादकबाईंचे उत्तर आले :

‘नवरा, मैत्रीण, फार काय कोंबड्यासुद्धा अत्यंत जिवंत उतरल्या आहेत. परंतु सोळा वर्षे काहीच ध्यानात न येणारी पत्नी मुळीच पटत नाही. इतकी बावळट स्त्री प्रत्यक्षात असणे शक्य नाही. कथा साभार परत.’