जोडीतला दुसरा पाट

उषाबाईंच्या लेकीचा, राजनंदिनीचा साखरपुडा उद्यावर आला होता आणि पाटांचा रंग काही ठरत नव्हता. पाट साधेसुधे नव्हते. धावड्याहून, उषाबाईंच्या माहेराहून आलेली सागवानी जोडी. परतूरचा नवरदेव उद्या त्यावर बसणार. मग रंग असातसा कसा चालेल?

आष्टीचे पॉलिशवाले लालमियाँ सकाळपासून ओट्यावर होते. पाट घासून कोरे केले, आणि फळीच्या तुकड्यावर तीन रंग लावून दाखवले. पहिल्याला उषाबाई म्हणाल्या, "ही वीट हाय." दुसऱ्याला म्हणाल्या, "ही काकवी." तिसऱ्याला नुसतं नाक मुरडलं.

"मंग बाई, पाह्यजे तरी कसा?"

"माह्या माहेरच्या कोऱ्या चहासारखा."

"दाखवा मंग चहा."

"ह्या घरात कुठून दाखवू?" उषाबाईंनी आवाज बरोबर स्वयंपाकघरापर्यंत जाईल एवढा ठेवला. "डॉक्टरनं माहं दूध बंद केलं, साखर बंद केली. राह्यला निस्ता रंग. सूनबाईनं त्यो बी बंद केला. उद्याचा चहा म्या हाटेलातून सांगितलाय. पाव्हण्यांपुढं काय गरम पाणी ठिवू?"

आत भांडं वाजलं. घरात सून असताना पाहुण्यांना चहा हॉटेलचा, म्हणजे शालूनं उद्या तोंड कुठं लपवायचं? तिनं मूठभर पत्ती टाकली, आलं ठेचलं आणि आधण उकळू दिलं. अजून उकळू दिलं.

इकडे उषाबाईंनी आपला काचेचा पेला लालमियाँपुढं ठेवला. "रंग ह्याच्यात कालवा. म्या चहा असल्याच पेल्यात पिते, मला बराबर कळतंय."

लालमियाँनी पुडी सोडली, पाण्यात कालवली, पेला खाली ठेवला आणि पाटाचा कोपरा घासायला वाकले. तेवढ्यात शालू आली. जोडीचा दुसरा पेला त्या पेल्याशेजारी ठेवला आणि रागानं पाय आपटत आत गेली. लालमियाँनी मान वर न करता हाताला लागेल त्या पेल्यात ब्रश बुडवला आणि पाटावर ओढला.

"हां! ह्यो!" उषाबाई ताठ झाल्या. "ह्याच्यासाठी सकाळपासून डोकं फोडून राह्यले मी."

लालमियाँचा हात खुलला. एका दमात अख्खा पाट झाला. उषाबाईंनी समाधानानं उरलेला पेला उचलून उजेडात धरला, आणि त्यांचे डोळेच मोठे झाले.

"शालू, बाहेर ये गं! आज पह्यल्यांदा चहाला रंग आलाय. मनावर घेतलं तं जमतंय की तुला."

शालू दारात आली. पेल्याकडं बघितलं. "आत्याबाई, तोंडाला लावू नका. माह्या चहातून वाफ निघू राह्यलती."

"मंग हे काय हाय?"

लालमियाँ ब्रशच्या केसांतून काहीतरी ओढून काढत होते. ते त्यांनी वास घेऊन पाहिलं. "बाई, माह्या रंगात अद्रक कुठून आलं?"

उषाबाईंनी पेला सावकाश खाली ठेवला. आता उषाबाईंचं चुकलं असं कोणी म्हणू नये. रंग त्यांनी दोन्ही वेळा बरोबरच ओळखला होता. पेले चुकले.

"पुसून टाकतो," लालमियाँ म्हणाले.

"खबरदार! हात लावू नका त्याला."

"बिलकुल न्हाई लावत. पण जोडी हाय ना, बाई. दुसऱ्या पाटाचं काय करू? पेल्यात दिसला तरी लाकडावर माह्या पुडीतून हा रंग निघत न्हाई. आन जल्दी सांगा, वरून लाखेचे दोन हात द्यायचेत, ते सुकले पाह्यजेत."

लालमियाँजवळच्या पेल्याच्या बुडाला चमचाभर चहा उरला होता. उषाबाईंनी रंगलेल्या पाटाकडं पाहिलं, कोऱ्या पाटाकडं पाहिलं, राजनंदिनी कुठं ऐकत नाही ना तेही पाहिलं. मग घसा साफ केला.

"शालू... आत्ता केल्ता ना, तस्साच एक पेलाभर चहा कर बरं."

शालूनं पदर सावरला. आवाज अगदी गरीब केला.

"माह्या चहाला कुठला आलाय रंग, आत्याबाई? हाटेलातून सांगू का?"